किती आउट, कोण कुठल्या बेसवर: जुन्या बेसबॉलमधले अभ्यासण्यासारखे प्रसंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९०० ते १९६० या काळातल्या अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधले कोणते प्रसंग नव्या पंचाने आणि प्रशिक्षकाने मुद्दाम अभ्यासावेत? विचारणाऱ्याची तक्रार अशी की कुठेही शोधलं तरी प्रसिद्ध फटकेबाज बेब रूथ आणि होमरन (कुंपणापार मारलेला फटका) एवढंच हाती लागतं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला त्यातलं नाट्य कळतं, पण खेळ कळत नाही.

मी महाराष्ट्रात बरीच वर्षं सॉफ्टबॉल आणि बेसबॉलची पंचगिरी करतो आहे, मुलांना शिकवतोही. माझं उत्तर पंचाच्या जागेवरून आहे. प्रत्येक पिचच्या (पिचरने बॅटरकडे टाकलेल्या चेंडूच्या) आधी पंचाच्या डोक्यात तीन गोष्टी असतात: किती आउट झाले (तीन झाले की संघाची पाळी संपते), कोण कुठल्या बेसवर आहे (फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि शेवटी होम प्लेट क्रमाने शिवली की एक धाव), आणि सामना फिरवणारी धाव कुणाच्या पायात आहे. जुने प्रसंग याच तीन प्रश्नांनी उघडून पाहा. लोकांनी प्रत्येक प्रसंग एकेका माणसाच्या नावावर टाकलेला आहे, कुणी तारलं, कुणी बुडवलं. पण मैदानावरची मांडणी समोर ठेवली की निकाल बहुतेक वेळा त्याआधीच्या एक-दोन खेळींत वळलेला दिसतो, आणि तो वळवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

सुरुवात २३ सप्टेंबर १९०८ पासून करा. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्स, नववी इनिंग (बरोबरी नसेल तर शेवटची), १-१ बरोबरी, दोन आउट. थर्ड बेसवर मूस मॅकॉर्मिक, फर्स्ट बेसवर एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल. नेहमीचा फर्स्ट बेसमन फ्रेड टेनी कंबरदुखीने बसला होता, म्हणून मर्कलला संधी मिळालेली. अल ब्रिडवेलने सेंटरकडे सरळ सिंगल (बॅटरला फर्स्टपर्यंत नेणारा फटका) मारला, मॅकॉर्मिक होम प्लेटवर आला, जायंट्स जिंकले असं सगळ्यांना वाटलं. त्या काळी सामना संपला की प्रेक्षक मैदानातूनच बाहेर पडायचे. गर्दी आत घुसताना पाहून मर्कल सेकंड बेसला न शिवता क्लबहाउसकडे वळला.

इथे नियम नीट समजून घ्या. बॅटर फर्स्ट बेसकडे धावला की तिथल्या रनरला जागा सोडावीच लागते. तो सेकंडला पोचण्याआधी चेंडू हातात घेऊन कुणी त्या बेसला शिवलं तर रनर फोर्स आउट. तिसरा आउट असा फोर्स आउट असेल तर होम प्लेटवर आलेली धाव रद्द होते, मग ती कितीही आधी आलेली असो. कब्सचा सेकंड बेसमन जॉनी एव्हर्स याला हे पाठ होतं. तो चेंडूसाठी ओरडू लागला. जायंट्सच्या जो मॅकगिनिटीने मध्येच चेंडू पळवून गर्दीत भिरकावला असं सांगतात. शेवटी एव्हर्सच्या हातात आलेला चेंडू तोच होता की दुसराच, यावर आजवर वाद आहे. बेसवरचे पंच बॉब एम्सली चेंडूपासून वाचताना पडले होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. प्लेटमागचे हँक ओडे यांनी मर्कलला आउट दिलं.

लोक इथेच थांबतात आणि मर्कलला मूर्ख ठरवून मोकळे होतात. तुम्ही मात्र एकोणीस दिवस मागे, ४ सप्टेंबरला पिट्सबर्गला जा. पायरेट्सविरुद्ध कब्सचा सामना, दहावी इनिंग, नेमकी हीच परिस्थिती. वॉरन गिल नावाचा रनर सेकंडला न शिवता निघून गेला आणि याच एव्हर्सने अपील केलं. त्या दिवशी एकटेच पंच होते आणि ते होते हँक ओडे. त्यांची नजर दुसरीकडे होती, त्यांनी धाव दिली. कब्सनी तक्रार केली, लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ती फेटाळली. पण ओडेंच्या मनात तो मुद्दा राहिला. पुढच्या वेळी त्यांची नजर सेकंड बेसवर होती.

अशा वेळी सेकंडला न शिवता निघून जाणं ही तेव्हाच्या खेळाडूंची सर्रास सवय होती, आणि पंच त्याकडे काणाडोळा करत. मर्कलने नवीन काही केलं नव्हतं. नियम तोच होता, अंमल मात्र त्या दुपारी बदलला. सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर झालं, मोसमाअखेर दोन्ही संघ समान ठरले, ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळला गेला आणि कब्सनी क्रिस्टी मॅथ्यूसनला ४-२ हरवून लीग जिंकली. जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांनी मर्कलला कधी दोष दिला नाही. तो पुढेही अनेक वर्षं उत्तम खेळला, पण 'बोनहेड' हे विशेषण त्याला जन्मभर चिकटलं. मला हा मोठा अन्याय वाटतो.

याच प्रसंगाचं पुढचं टोक १९५१ मध्ये सापडतं. ३ ऑक्टोबर, तेच पोलो ग्राउंड्स, जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्या तीन सामन्यांच्या प्लेऑफमधला (समान ठरलेल्या संघांच्या निर्णायक लढतीतला) तिसरा. नवव्या इनिंगमध्ये जायंट्सची शेवटची पाळी सुरू झाली तेव्हा डॉजर्स ४-१ पुढे. त्यानंतर बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाच्या दुसऱ्या पिचवर तीन धावांचा होमरन मारला आणि जायंट्स ५-४ जिंकले. हा होमरन सगळ्यांना माहीत आहे. त्या इनिंगची पहिली खेळी मात्र फार थोड्यांना आठवते. अल्विन डार्क सिंगल मारून फर्स्टवर आला. तीन धावांची आघाडी असताना त्या एका रनरची फारशी किंमत नव्हती, तो सेकंडला पळाला असता तरी काही बिघडत नव्हतं. तरीही फर्स्ट बेसमन गिल हॉजेस त्याला पळू न देण्यासाठी बेसजवळच उभा राहिला. डॉन म्युलरने जमिनीवरून मारलेला चेंडू हॉजेस एरवी जिथे उभा असता त्याच बाजूने निसटला. तिथे डबल प्ले (एकाच खेळीत दोन आउट) मिळाला असता तर थॉमसनची पाळी बहुधा आलीच नसती.

पुढे माँटी अर्विन झेलबाद, मग व्हायटी लॉकमनचा डबल (सेकंडपर्यंत नेणारा फटका) आणि ४-२. सेकंड आणि थर्डवर रनर, फर्स्ट मोकळा, एक आउट. थॉमसनला चालवलं असतं (मुद्दाम आवाक्याबाहेर चार बॉल टाकून फर्स्ट बेस फुकट दिला असता) तर पुढचा बॅटर होता विली मेझ, वीस वर्षांचा, पहिल्याच मोसमातला. पण थॉमसन स्वतः जिंकणारी धाव होता आणि जिंकणारी धाव मुद्दाम बेसवर ठेवायची नाही हा जुना दंडक आहे. डॉजर्सनी तो पाळला आणि हरले. त्यांचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जायंट्स त्या मोसमात सेंटर फील्डच्या क्लबहाउसमधून दुर्बिणीने कॅचरच्या खुणा (पुढचा चेंडू कसा टाकायचा हे पिचरला सांगणाऱ्या) चोरत होते हे २००१ मध्ये जाहीर झालं. त्या विशिष्ट पिचला खूण मिळाली होती का, तर थॉमसनने ते कायम नाकारलं.

आता पंचासाठीची गोष्ट. होमरननंतर डॉजर्सचे खेळाडू मान खाली घालून निघाले. जॅकी रॉबिन्सन मात्र मैदानावर थांबला आणि थॉमसन प्रत्येक बेसला शिवतो की नाही हे पाहत राहिला. चेंडू कुंपणापार गेला तरी बेस क्रमाने शिवावेच लागतात. एकही सुटला असता तर अपील करता आलं असतं. माझ्या शिकवण्यात थॉमसनच्या होमरनपेक्षा रॉबिन्सनचं हे थांबणं जास्त वेळा येतं.

हे वेड नव्हतं, याचा पुरावा २६ मे १९५९ ला मिलवॉकीत मिळाला. पायरेट्सचा डावखुरा पिचर हार्वी हॅडिक्स अंगात कणकण असताना माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उतरला आणि त्याने ब्रेव्ह्जचे ओळीने ३६ बॅटर बाद केले. बारा इनिंग, एकही माणूस फर्स्ट बेसवर नाही. असं त्याआधी मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर) कुणीही केलं नव्हतं. पण पलीकडे ल्यू बर्डेट बारा हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) देऊनही एकही धाव देत नव्हता. तेराव्या इनिंगमध्ये थर्ड बेसमन डॉन होकचा थ्रो चुकला आणि फेलिक्स मँटिया फर्स्टवर आला. एडी मॅथ्यूजने बंट करून (बॅट नुसती लावून चेंडू जवळच सोडून) त्याला सेकंडला ढकललं. हँक आरनला मुद्दाम चालवलं. मग जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापार मारला.

क्रिकेटमध्ये चेंडू सीमेपार गेला की हिशेब संपतो, फलंदाज धावले काय नि न धावले काय. इथे तसं नाही. आरनला चेंडू कुंपणाच्या आत पडला असं वाटलं. मँटिया होम प्लेटवर पोचला म्हणजे सामना संपला, असं धरून तो सेकंडला शिवून डगआउटकडे वळला. मागून आनंदात धावणारा अ‍ॅडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला, आणि पुढच्या रनरला ओलांडणारा बाद होतो. होमरनचा डबल झाला. दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी अंतिम निकाल १-० असा नोंदवला. मँटियाची धाव उरली ती एवढ्याचसाठी की तो कुणाच्याही आधी पुढे होता आणि त्याने प्लेट शिवली होती. आरनसारखा खेळाडू जे विसरू शकतो ते आपली शाळेतली मुलं विसरणारच, म्हणून सरावात होमरन मारल्यावरही पूर्ण फेरी धावायला लावा. १९९१ मध्ये नो-हिटरची (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न दिलेल्या सामन्याची) व्याख्या काटेकोर झाली आणि हॅडिक्सचा तो सामना अधिकृत यादीतून वगळला गेला. ते मला पटत नाही, पण नियम म्हणून समजतो.

कॅचरांना शिकवायचं असेल तर ५ ऑक्टोबर १९४१ घ्या. ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, वर्ल्ड सीरिजचा (दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचा) चौथा सामना, डॉजर्स ४-३ पुढे, नववी इनिंग, दोन आउट, बेस रिकामे. यांकीजच्या टॉमी हेन्रिकने ह्यू केसीचा खाली तुटणारा चेंडू हुकवला. तिसरा स्ट्राइक म्हणजे बॅटर बाद, सामना संपला. पण चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या ग्लव्हला लागून निसटला. फर्स्ट बेस मोकळा असेल किंवा दोन आउट असतील, तर न पकडलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटरला धावता येतं. हेन्रिक धावला आणि पोचला. मग जो डिमॅजिओचा सिंगल, चार्ली केलरचा डबल, बिल डिकीला वॉक (चार बॉलमुळे फुकट फर्स्ट बेस), जो गॉर्डनचा डबल. चार धावा, ७-४.

दोष ओवेनच्या माथी आला. पण हेन्रिक फर्स्टवर होता तेव्हाही डॉजर्सच पुढे होते आणि एकच आउट हवा होता. केलरवर दोन स्ट्राइक होते, बॉल एकही नव्हता. कमी होती ती माउंडवर जाऊन केसीला दोन मिनिटं शांत करणाऱ्याची. मॅनेजर लिओ ड्युरोशर जागचे हलले नाहीत, आणि पुढे त्यांनी ते स्वतः मान्यही केलं. चेंडू निसटणं कुठल्याही कॅचरच्या बाबतीत घडेल. त्यानंतरचे चार बॅटर थांबवणं हातात होतं.

आउटफिल्डसाठी दोन झेल पुरेत. पहिला विली मेझचा, २९ सप्टेंबर १९५४, वर्ल्ड सीरिज, पोलो ग्राउंड्स. क्लीव्हलँडच्या व्हिक वर्ट्झने ४०० फुटांहून लांब मारलेला चेंडू मेझने प्लेटकडे पाठ करून धावता धावता पकडला. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते. मी मुलांना झेलानंतरचा क्षण बघायला सांगतो. आठवी इनिंग, २-२, एकही आउट नाही, सेकंडवर लॅरी डोबी, फर्स्टवर अल रोझन. झेल घेऊन मेझ तिथेच कोसळला असता तर एवढ्या खोलवरून डोबी कदाचित होमपर्यंत आला असता. मेझने वळतानाच चेंडू आत फेकला. डोबी थर्डला थांबला, रोझन फर्स्टला परतला, क्लीव्हलँडला एकही धाव मिळाली नाही. दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने जेमतेम २६० फुटांचा फटका उजव्या रेषेलगत मारला आणि तो त्या विचित्र आकाराच्या मैदानात होमरन ठरला. सामना ५-२. त्या मोसमात १११ सामने जिंकलेला क्लीव्हलँड ती सीरिज ०-४ हरला.

दुसरा झेल सँडी अमोरोसचा, ४ ऑक्टोबर १९५५, वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, यांकी स्टेडियम. डॉजर्स २-० पुढे. पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला पाठवलेला खेळाडू) वापरल्यामुळे सहाव्या इनिंगमध्ये जागा बदलाव्या लागल्या, जिम गिलियम सेकंड बेसला आला आणि लेफ्ट फील्डला अमोरोस. दोन रनर बेसवर असताना योगी बेराने चेंडू लेफ्टच्या कोपऱ्यात वळवला. अमोरोस डावखुरा, त्यामुळे ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे रेषेच्या बाजूला. धावत जाऊन हात लांबवला आणि चेंडू आत. उजव्या हाताने फेकणाऱ्या गिलियमचा ग्लव्ह डाव्या हातात असता, त्याला तो चेंडू अंगावरून आडवा घ्यावा लागला असता. अमोरोसने पी वी रीसकडे फेकला, रीसने हॉजेसकडे, फर्स्टवरून निघालेला गिल मॅकडुगल्ड बाद. जॉनी पॉड्रेसने एकही धाव दिली नाही आणि ब्रुकलिनला आयुष्यातली एकमेव वर्ल्ड सीरिज मिळाली. तो बदल धावांसाठी केला होता, फायदा मात्र फील्डिंगला झाला.

रूथबद्दल थोडक्यात. १९३२ मध्ये शिकागोत त्याने बोट दाखवून होमरन मारला म्हणतात. हातवारे केले हे खरं, कुणाकडे केले यावर एकमत नाही. शिकायचं असेल तर १० ऑक्टोबर १९२६ घ्या. सातवा सामना, यांकीज २-३ मागे, नववी इनिंग, दोन आउट, रूथ वॉक मिळून फर्स्टवर. बॅटिंगला बॉब म्यूझल, पुढे लू गेरिग. रूथने सेकंड चोरायचा (फटक्याची वाट न पाहता पळून गाठायचा) प्रयत्न केला, सेंट लुइसचा कॅचर बॉब ओफॅरलने चेंडू रॉजर्स हॉर्न्सबीकडे फेकला आणि वर्ल्ड सीरिज तिथेच संपली.

एक दिवस असा आहे की त्यात डावपेच काहीच नाहीत, तरी प्रत्येक प्रशिक्षकाने तो वाचावा. १६ ऑगस्ट १९२० ला पिचर कार्ल मेझचा (हा विली मेझ नव्हे) चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. तेव्हा एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत चालवत, संध्याकाळच्या उजेडात तो दिसायचाही नाही. त्यानंतर मळलेला चेंडू लगेच बदलण्याची शिस्त आली. हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र आणखी कित्येक दशकं गेली. हेल्मेटशिवाय बॅटिंगला येणाऱ्या मुलाला मी परत पाठवतो, पालक कितीही घाई करोत.

या सगळ्या प्रसंगांना एक मोठी मर्यादा आहे, ती लपवू नका. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन एबेट्स फील्डवर फर्स्ट बेसला उभा राहीपर्यंत विसाव्या शतकातल्या मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. १९२० मध्ये रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग उभी केली, तिथे आणि तिच्यानंतरच्या अशाच लीगमध्ये जॉश गिब्सन आणि सॅचेल पेजसारखे खेळाडू घडले. पेज मेजर लीगमध्ये आला तो १९४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. गिब्सनला ती संधीच मिळाली नाही. या नीग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत सामील झाले २०२४ मध्ये, आणि कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत (बॅटिंगच्या संधींमागे मिळालेल्या हिटच्या प्रमाणात) .३७२ सह गिब्सन सर्वांत वर गेला. त्यांच्या कितीतरी सामन्यांची खेळीवार नोंदच ठेवली गेली नाही, म्हणून वरच्या प्रसंगांइतक्या बारकाईने ते सांगता येत नाहीत.

एकच प्रसंग मैदानात करून बघायचा असेल तर ३ ऑक्टोबर १९४७ निवडा. एबेट्स फील्ड, चौथा सामना, यांकीज २-१ पुढे. बिल बेव्हन्सने दहा वॉक दिले होते, पण नवव्या इनिंगपर्यंत एकही हिट नाही. वर्ल्ड सीरिजमध्ये तोवर कुणी नो-हिटर टाकला नव्हता. दोन आउट असताना फर्स्टवर पिंच रनर अल जॉनफ्रिडो, बॅटिंगला पीट रायझर, ज्याचा घोटा इतका दुखावला होता की उभं राहणं कठीण. जॉनफ्रिडोने सेकंड चोरला. रायझरवर तीन बॉल झालेले. यांकीजचे मॅनेजर बकी हॅरिस यांनी त्याला मुद्दाम चालवलं, म्हणजे जिंकणारी धाव स्वतःहून बेसवर ठेवली. रायझरच्या जागी धावायला एडी मिक्सिस आला आणि बॅटिंगला पिंच हिटर कुकी लवाजेट्टो. त्याने चेंडू राइट फील्डच्या भिंतीवर मारला, दोघे होम प्लेटवर, ३-२. डॉजर्सचा तो त्या दिवसाचा एकमेव हिट. ती सीरिज यांकीजनी सात सामन्यांत जिंकली, तरी त्यानंतर बेव्हन्स, लवाजेट्टो आणि जॉनफ्रिडो यांच्यापैकी एकही जण मेजर लीगमध्ये पुन्हा खेळला नाही.

सरावात हीच मांडणी उभी करा: दोन आउट, सेकंडवर जलद रनर, बॅटर लंगडणारा पण ताकदवान, एका धावेची आघाडी. रायझरला खेळवायचं की चालवायचं, हे मुलांना ठरवू द्या आणि कारण मोठ्याने सांगायला लावा. चालवायचं ठरवलं तर आउटफिल्ड किती मागे न्यायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या. लवाजेट्टोचं नाव त्यानंतर सांगा.